मे महिन्यात फास्ट राहील तोच माऊसपॅड

जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर गेमिंगचा माऊसपॅड मागितला, की काउंटरवर पाच-सात गुंडाळ्या उलगडल्या जातात आणि जवळपास प्रत्येकीवर 'स्पीड' छापलेलं असतं. हात फिरवला की सगळे गुळगुळीतच लागतात. दुकानात एसी, गिऱ्हाइकाचा हात कोरडा आणि कापड कोरं. अशा वेळी कुठलाही पॅड फास्टच वाटणार. खरी परीक्षा घरी होते. बाहेर ४५ अंश, खोलीत पाण्याचा कूलर, मनगटाला घाम, खिडकीतून आलेली धूळ आणि व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेमचा तेविसावा राउंड. सकाळी सरसर चालणारा माऊस तेव्हा मध्यभागी चिकटायला लागतो आणि फ्लिक, म्हणजे नेमासाठी मारलेला झटका, समोरच्याच्या डोक्याच्या अलीकडे थांबतो. म्हणून खान्देशातल्या माणसाने पॅड निवडताना तो किती फास्ट आहे एवढंच विचारू नये. तो मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत तेवढाच फास्ट राहतो का, हे आधी पाहावं. पुढची सगळी पारख याच एका कसोटीवर केली आहे.

आधी 'फास्ट' म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थांबलेला माऊस हलवायला लागणारा जोर हा पहिला अडथळा. माऊस चालू लागल्यावर त्याला सतत मागे ओढणारा तो दुसरा. पहिला जास्त आणि दुसरा कमी असेल, तर माऊस आधी अडतो आणि मग एकदम सुटतो. पाच-दहा पिक्सेलची बारीक दुरुस्ती करताना नेम पलीकडे जातो तो यामुळेच. चांगल्या फास्ट पॅडमध्ये दोन्ही कमी असतात आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोघांत फरक थोडा असतो. एपेक्ससारख्या गेममध्ये पळणाऱ्या माणसावर नेम धरून ठेवायचा असतो, तिथे या पॅडचं सोनं होतं. व्हॅलोरंट आणि सीएस २ (काउंटर-स्ट्राइक २) मध्ये माऊस जागेवर थांबवणं तेवढंच महत्त्वाचं, म्हणून तिथे अगदी काचेसारखा पॅड घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

आता ओलाव्याचं गणित. कापूस पिकवणाऱ्या मुलखात हे वेगळं सांगायला नको, की धागा हवेतलं पाणी ओढतो. वस्त्रोद्योगात धरल्या जाणाऱ्या प्रमाण हवेत सुती धागा आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी धरतो, नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. गेमिंग पॅडचं कापड बहुतेक पॉलिएस्टरचं असतं ही जमेची बाजू. पण कॉर्डुरासारखं कापड बहुतेक नायलॉनचं असतं आणि काही स्वस्त पॅडच्या कापडात काय मिसळलंय ते वेष्टनावर लिहिलेलंच नसतं. शिवाय पॉलिएस्टरचा धागा पाणी पीत नसला तरी विणीच्या भोकांत घाम, त्यातलं मीठ आणि त्वचेचं तेल साचतं. वीण जितकी सैल आणि कापडाची लव जितकी उभी, तितकं जास्त साचतं. मऊ, मखमली लागणारा पॅड दुकानात छान वाटतो, पण आपल्याकडे सर्वांत आधी मंदावतो तोच. वीण घट्ट हवी. नखाने हलकं खरवडल्यावर बारीक, कोरडा आवाज यायला हवा आणि कापडावर नखाची रेघ उमटून राहता कामा नये.

दुकानात दोन मिनिटांत करता येणारी एक परीक्षा आहे, दुकानदाराला आधी विचारून करावी. पॅडच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब सोडायचा. थेंब लगेच जिरला तर तो पॅड घाम पिणार. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर वर पाणी अडवणारा लेप आहे. लेप ही वाईट गोष्ट नाही, पण स्वस्त पॅडवरचा फवारलेला लेप रोज जिथे माऊस चालतो तिथेच आधी झिजतो, आणि मग मध्यभागाचा वेग एक, कडेचा वेगळा असं होतं. हे खेळाला सगळ्यांत घातक. सगळा पॅड सारखा मंद असेल तर हाताला सवय होते. एका हातभर जागेत दोन वेग असतील तर सवय कशाची करणार?

घरी आणल्यावर करायची परीक्षा याहून नेमकी आहे आणि तिला लागतं काय, तर एक सपाट फळी, मोजपट्टी आणि वायरलेस माऊस. वायर असली तर ती ओढते आणि आकडा चुकतो. फळीवर पॅड नीट पसरायचा, वरच्या टोकाला माऊस ठेवायचा आणि फळीचं ते टोक हळूहळू उचलायचं. माऊस आपणहून ज्या क्षणी सुटतो तिथे थांबायचं. टेबलापासून वरच्या टोकाची उंची मोजायची आणि तिला खालच्या टोकापासूनच्या आडव्या अंतराने भागायचं. उंची ९ सेंमी आणि आडवं अंतर ४५ सेंमी असेल तर उत्तर ०.२. हा झाला सुरुवातीचा अडथळा. पाच वेळा करून सरासरी घ्यावी, कारण एखाद्या वेळी धुळीचा कण मध्ये येतो. मग पॅड नव्वद अंशांत फिरवून पुन्हा तेच. काही विणींमध्ये आडवा आणि उभा वेग वेगळा असतो, आणि हा फरक मोठा असेल तर स्प्रे, म्हणजे सलग गोळीबार, आवरताना माऊस खाली ओढणं आणि फ्लिकसाठी बाजूला नेणं हे दोन वेगळ्या पॅडवर चालल्यासारखं वाटतं. शेवटी माऊस ठेवतो त्या जागेवरून घट्ट पिळलेलं ओलं फडकं फिरवायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि तिसऱ्यांदा मोजायचं. नऊचे साडेदहा सेंमी झाले म्हणजे सुरुवातीचा अडथळा सहाव्या भागाने वाढला. कूलरसमोर तीन तास बसल्यावर तुमच्या हाताला हेच जाणवणार आहे. ओल्या फडक्यानंतर आकडा जवळपास हलला नाही, तर तो पॅड ठेवून घ्यावा. उडी मारली तर परत करण्याची मुदत संपायच्या आत परत करावा.

कूलरबद्दल दोन शब्द इथेच, कारण पॅडला नावं ठेवण्याआधी खोली तपासायला हवी. पाण्याचा कूलर हवा गार करतो ती पाणी उडवून, म्हणजे खोलीतला ओलावा वाढवूनच. समोरची खिडकी किंवा दार उघडं नसेल तर तो ओलावा खोलीतच कोंडतो आणि आधी कापडात शिरतो. झोत थेट टेबलावर येऊ देऊ नये, पाठीमागून किंवा बाजूने यावा. सामना महत्त्वाचा असेल तर अर्धा तास आधी कूलरची पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा. गवत थोडा वेळ ओलं राहतं, त्यामुळे गारवा लगेच जात नाही आणि पॅड कोरडा होऊ लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र बाहेरची हवाच ओली असते, तेव्हा ही युक्ती चालत नाही. तेव्हा कापडाची निवडच कामाला येते.

आता बाजारातल्या मालाकडे. स्टीलसिरीजचा क्यूसीके हा कापडी पॅडचा जुना मापदंड. मोठा आकार ४५० बाय ४०० मिमी, साध्या क्यूसीकेची जाडी २ मिमी आणि हेवीची ६ मिमी. तो फास्ट नाही, मध्यम आहे, आणि नवीन असताना जेवढा चालतो तेवढा ओलाव्यात चालत नाही. तुलनेसाठी हाताखालून घालावा, पण फास्ट पॅड म्हणून घेऊ नये. रेडगिअर, कॉस्मिक बाइट यांचे स्वस्त 'स्पीड' पॅड पहिल्यांदा खेळणाऱ्याला ठीक. पैशाच्या मानाने माल वाईट नाही, मात्र आकार बघून घ्यावा. काही पॅड अंगाने इतके लहान असतात, की कमी सेन्सिटिव्हिटीवाल्याचा, म्हणजे थोडं वळायलाही माऊस लांब सरकवणाऱ्याचा, माऊस दर राउंडला टेबलावर उतरतो.

लॉजिटेकचा जी ४४० हा वेगळ्या जातीचा, टणक पॉलिथिलीनचा पॅड. ३४० बाय २८० मिमी, ३ मिमी जाड. कापडच नाही म्हणजे ओलावा शोषण्याचा प्रश्नच नाही, ओल्या फडक्याने पुसला की पुन्हा कोरा. खान्देशच्या हवेसाठी कागदावर हा आदर्श. अडचणी दोन. एक, वरची बारीक खरखर माऊसच्या पायांना, म्हणजे बुडाच्या सरकपट्ट्यांना, कापडापेक्षा लवकर झिजवते. दोन, आकार. व्हॅलोरंटमध्ये ८०० डीपीआय (माऊस इंचाला किती ठिपके मोजतो तो आकडा) आणि ०.३ सेन्सिटिव्हिटीला पूर्ण फेरी घ्यायला माऊस ५४.४ सेंमी सरकवावा लागतो. या पॅडवर मध्यापासून कडेपर्यंत १७ सेंमी, त्यातून माऊसची निम्मी रुंदी साधारण ३ सेंमी वजा केली तर उरतात १४. तेवढ्यात तुम्ही जेमतेम ९३ अंश वळता. पाठीमागून गोळी आली तर माऊस उचलल्याशिवाय वळणं नाही. तेच ४५ सेंमी रुंद पॅडवर १२९ अंश आणि ४९ सेंमीवर १४२ अंश मिळतात. स्वतःचा आकडा काढायचा तर व्हॅलोरंटसाठी १३०६३ ला आणि सीएस २ साठी ४१५६४ ला डीपीआय गुणिले सेन्सिटिव्हिटीने भागा, उत्तर पूर्ण फेरीचे सेंमी. ते ३० च्या खाली असेल तर जी ४४० खुशाल घ्या, फार चांगला पॅड आहे. ४० च्या वर असेल तर नको.

रेझरचा स्ट्रायडर कापड आणि टणक यांच्या मधला. वरचा थर विणलेलाच, पण घट्ट आणि पाण्याला दाद न देणारा. खाली रबर, कडा शिवलेल्या. मोठा आकार ४५० बाय ४०० बाय ३ मिमी. आपल्या हवेत ज्याला एकच पॅड घेऊन दोन वर्षं विचार करायचा नाही, त्याने इथून सुरुवात करावी असं आमचं स्पष्ट मत आहे. घाम पुसता येतो, आकार पुरेसा आहे आणि वेग काचेइतका बेफाम नाही. नुसत्या हाताला वरचा थर थोडा खरखरीत लागतो, कोपरापर्यंत हात टेकवून खेळणाऱ्यांना पहिले काही दिवस ते जाणवतं. पॅड पातळ असल्याने टेबलाचा खडबडीतपणाही लपत नाही. सनमायका फुगलेला असेल तर तो फुगवटा पॅडवरूनही कळतो.

जपानच्या आर्टिसानचे पॅड या सगळ्यांच्या वरच्या दर्जाचे आणि किमतीलाही तसेच. मागवणावळ आणि कस्टम धरून खर्च काढावा. त्यात फास्टमध्ये पाहायचे ते हिएन आणि रायडेन. हिएनचं पोत जाड, हाताला दाणेदार. माऊस पटकन सुटतो आणि चालताना हाताला थोडी जाणीव देत राहतो. रायडेन बारीक विणीचा, जास्त निसटता. हे पॅड एक्ससॉफ्ट, सॉफ्ट, मिड अशा वेगवेगळ्या मऊपणांत मिळतात आणि इथेच लोक चुकतात. मऊ फोममध्ये माऊस दाबला की पाय आत रुततात, म्हणजे तोच पॅड ब्रेकसारखाही वापरता येतो. घाबरल्यावर हात दाबणाऱ्या खेळाडूला हे नको असतं. त्याने मिड घ्यावा. ज्याला दाबून थांबवायची सवय आहे त्याने एक्ससॉफ्ट. एक्सएल आकार ४९० बाय ४२० मिमी. हिएन माऊसचे पाय लवकर खातो, ते बजेटात धरूनच घ्यावा.

काचेच्या पॅडवर थोडं जास्त बोलायला हवं, कारण सध्या सगळ्या पोरांचा जीव त्यात अडकलाय. रेझर अ‍ॅटलास ४५० बाय ४०० मिमी, स्कायपॅडचा मोठा ५०० बाय ४००. ही खिडकीची गुळगुळीत काच नव्हे. वरचा पृष्ठभाग बारीक कोरलेला असतो, म्हणून सेन्सरला धरायला काही तरी मिळतं आणि पाय चिकटत नाहीत. ओलावा यात शिरतच नाही, मे असो की ऑगस्ट, वेग तोच. आमच्या कसोटीला काच पैकीच्या पैकी उतरते. मग सगळ्यांना काचच का सुचवत नाही? पहिलं कारण घाम. घामेजलेली कातडी काचेला अक्षरशः चिकटते आणि हात ओढावा लागतो. उपाय स्वस्त आहे. उन्हाळ्यात मोटरसायकलवाल्यांसाठी रस्त्याच्या कडेला विकायला असतात ते लांब हातमोजे, बोटं नसलेले, काळ्या ताणदार कापडाचे. गेमिंगच्या नावाने महाग विकल्या जाणाऱ्या स्लीव्हचं काम ते चोख करतात. दोन जोड घ्यावेत, एक वाळत असताना दुसरा हातात.

दुसरं कारण धूळ, आणि हे जास्त गंभीर. कापडावर पडलेला कण विणीत बसतो आणि माऊस त्याच्यावरून जातो. काचेवर तो वरच राहतो. वाळूतला गारगोटीचा कण काठिण्याच्या मोहस मोजपट्टीवर ७, साधी काच साडेपाचच्या आसपास, आणि माऊसचे टेफ्लॉनचे पाय या दोघांपुढे लोण्यासारखे. कण पायात रुतला की माऊसखालून किर्र आवाज येतो आणि प्रत्येक हालचालीत तो कण काचेवर घासला जातो. गिरणा-तापीच्या वाळूचं बांधकाम शेजारी चालू असेल, किंवा जिनिंगच्या दिवसांत कापसाचे तंतू घरात उडत असतील, तर रोज खेळायला बसण्यापूर्वी मायक्रोफायबर फडक्याने काच आणि माऊसचे पाय दोन्ही पुसणं भाग आहे. हे रोज होणार नसेल तर काच घेऊ नका. तिसरी गोष्ट सेन्सरची. पिक्सआर्ट ३३९५ सारख्या नव्या सेन्सरचे माऊस काचेच्या पॅडवर सहसा नीट चालतात, जुन्या ऑफिसच्या माऊसची खात्री नाही. माऊस हळू फिरवून गोल काढा. वर्तुळ तुटलं किंवा थरथरलं तर लिफ्ट-ऑफची उंची, म्हणजे माऊस किती उचलला की सेन्सर थांबतो ती, सॉफ्टवेअरमधून बदलून पाहा, तरी नाही जमलं तर पॅड परत. आणि काच टेबलाच्या सपाट भागावरच ठेवा. एका कोपऱ्याखाली हवा राहिली तर ती डगमगते आणि कधी तरी कोपऱ्यावर ताण येऊन तडकते.

पॅड फास्ट आणि पाय झिजलेले, तर पैसे वाया. माऊसचे पाय टेफ्लॉनचे, म्हणजे पीटीएफईचे. कंपनीतून येणारे काही काळे, रंग मिसळलेले असतात. बाहेर मिळणारे पांढरे, शुद्ध पीटीएफईचे, कडा गोल केलेले पाय बहुतेक वेळा जास्त सरकतात. जाडी ०.६ ते ०.८ मिमी. पाय झिजून माऊसच्या बुडाशी टेकायला आले किंवा कडेला धारदार किनार आली, की बदलायचे. केस वाळवायच्या मशीनने अर्धा मिनिट गरम हवा द्या, प्लॅस्टिकच्या कार्डाने जुना पाय उचला, स्क्रू ड्रायव्हर नको, त्याने खाचेला ओरखडे पडतात. उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग नवा पाय एका टोकापासून बसवत दाबा. खाली गोंदाचा गोळा राहिला तर माऊस एका पायावर डुगडुगतो. मऊ कापडी पॅडवर मोठे पाय लावावेत, लहान ठिपक्यासारखे पाय फोममध्ये रुततात. काचेवर मात्र ठिपकेच छान चालतात. नव्या पायांना दोन-चार दिवस रुळू द्या, पहिल्याच संध्याकाळी मत बनवू नका.

पॅडचं बूडही पाहून घ्यावं. अंगठ्याने दाबून बाजूला ढकललं तर रबर टेबलाला धरून राहिलं पाहिजे. घरी आल्यावर पॅड सरकायला लागला तर बहुतेक वेळा दोष धुळीचा असतो. रबर आणि टेबल दोन्ही ओल्या फडक्याने पुसून वाळवलं की पकड परत येते. शिवलेली कड चांगली, कारण घामाने न शिवलेल्या कडेचे धागे सुटतात, पण शिवण पॅडच्या पातळीच्या वर उठलेली नको. मनगट तिच्यावर तीन तास घासलं की लाल वळ उठतो. मोठ्या रबरी छपाईचे लोगोही टाळावेत, माऊस त्यांच्यावरून जाताना वेग बदलतो.

कापडी पॅड महिन्याला एकदा धुवावा, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी. परातीत किंवा बाथरूमच्या फरशीवर सपाट पसरा, कोमट पाणी, त्यात शाम्पूचे चार-पाच थेंब, मऊ स्पंजने हलक्या हाताने सगळीकडे सारखं पुसा. ब्रश आणि कपड्याचा साबण नको. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा पांढरट थर बसतो, तो विणीत अडकतो आणि धुतलेला पॅड न धुतलेल्यापेक्षा मंद होतो. शाम्पूने तो थर होत नाही, तरी पाण्यातले क्षार उरतातच, म्हणून शेवटचं पाणी जारचं घ्यावं, दोन तांबे पुरतात. पिळू नये, आतला फोम सुटतो. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावं आणि सावलीत, पंख्याखाली, सपाट वाळवावा. गच्चीवरच्या उन्हाचा मोह आवरा. मेच्या उन्हात कापड आणि रबर यांच्यातला गोंद सैल होतो आणि कडा वर वळतात, त्या पुन्हा बसत नाहीत. वरून कोरडा लागला तरी रात्रभर तसाच ठेवावा, कारण फोमच्या आतला ओलावा शेवटी निघतो. सकाळी फळीवर पुन्हा तीच परीक्षा करून आकडा पहिल्या दिवसाच्या आकड्याशी लावून पाहावा.